आधी आपली वही, मग मुलांची : भाषाशिक्षकाने स्वतः लिहिण्याचा सराव कसा ठेवावा?

समास_सोडून

निबंधाच्या वहीत आपण जे शेरे लिहितो, म्हणजे "मुद्दे वाढवा", "भाषा सुधारा", "अवांतर वाचन करा", त्यांतून मुलाला उद्या नेमकं काय करायचं ते कळत नाही. मूल कुठल्या वाक्यापाशी अडलं हे तपासणाऱ्याला दिसतच नाही. दिसतो तो अडून अडून शेवटी कागदावर उरलेला मजकूर. तोच विषय, तेवढ्याच वेळात, आधी आपण लिहिला की त्या अडायच्या जागा हाताला लागतात. हा सराव त्यासाठी आहे, लेखक होण्यासाठी नाही. म्हणून त्याची रीतही थोडी वेगळी.

वही १०० पानी, एकेरी रेघांची. मजकूर फक्त उजव्या पानावर, एक ओळ सोडून. डावं पान कोरं ठेवायचं, ते अडखळल्याच्या नोंदींसाठी. आठवड्यातून चार दिवस, दहा मिनिटं, गजर लावून. गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी हात थांबवायचा आणि पुढची दोन मिनिटं डाव्या पानाला द्यायची. तिथे तीनच गोष्टी लिहायच्या: कितव्या ओळीपाशी थांबलो, कशामुळे, आणि कशाने सुटलो. "आज छान जमलं" किंवा "मूड नव्हता" अशा नोंदींचा वर्गात उपयोग शून्य.

सोमवारी तो विषय घ्यावा, जो मुलांना पुढच्या आठवड्यात द्यायचा आहे. मंगळवारी त्यातलाच एक परिच्छेद पुन्हा. गुरुवारी समोरची एखादी जागा किंवा माणूस बघून. शनिवारी नवीन काही लिहायचं नाही, आठवड्याची डावी पानं वाचून त्यातून एकच धडा काढायचा.

उदाहरण देतो. विषय : आमच्या गावचा आठवडे बाजार. उजवं पान :

१. बाजार हा ग्रामीण जीवनाचा अविभाज्य भाग आहे.
२. आमच्या गावात दर बुधवारी बाजार भरतो.
३. बाजारात भाजीपाला, फळे, कपडे, भांडी इत्यादी वस्तू मिळतात.
४. मिरचीवालीने गोणपाट झटकले आणि शेजारच्या भेळवाल्याला ठसका लागला.

डावं पान : "ओळी १ ते ३ कुठल्याही गावाला लागू. ३ नंतर सर्वांत जास्त वेळ थांबलो. 'मिळतात' या क्रियापदानंतर काही घडूच शकत नाही, कारण यादीत माणूस नाही. मिरचीवाली आली आणि पुढचं सुचलं."

यातून निघणारा धडा असा : यादीतल्या एका वस्तूमागे माणूस उभा करा आणि त्याला एक क्रियापद द्या. "मुद्दे वाढवा" पेक्षा हे सातवीच्या मुलाला करता येण्याजोगं आहे. दुसरा धडाही त्याच पानावर आहे. चौथं वाक्य पहिलं करून बघायचं आणि वरची तीन पुसायची.

बिघडतं कुठे, तर तीन ठिकाणी. पहिलं, शिक्षक घरी बसून सुबक निबंध लिहितो आणि वर्गात वाचून दाखवतो. मुलांना तो आणखी एक गाईडमधला निबंध वाटतो आणि ती तो उतरवून घेतात. दाखवायचा तो खाडाखोडीचा कच्चा कागद. दुसरं, वर्गात दाखवलेला नमुना आणि मुलांचा विषय एकच ठेवला की साठ वह्यांत साठ मिरचीवाल्या येतात. बाजाराचा नमुना दाखवला असेल तर मुलांना "बसस्थानकावरचा एक तास" द्यावा. तिसरं, डावं पान सुटतं. पहिल्या पंधरवड्यात दहा मिनिटांतलं एकेक मिनिट लिहिण्यातच जातं आणि नोंदी "उद्या" वर ढकलल्या जातात. वेळ कमी असेल तर मजकूर सहा मिनिटं करा, नोंदी मात्र कापू नका.

इतरांनी आपापल्या रीती लिहाव्यात, विशेषतः मोठ्या वर्गात हे कसं बसवायचं ते.

---

खडूचा_तुकडा

फळ्यावर मुलांसमोर लिहिण्याबद्दल लिहिते, कारण वहीतला सराव वर्गात पोचतो तो तिथूनच.

आठ-दहा ओळींपेक्षा जास्त मजकूर धरू नये. ओळींमध्ये एका ओळीची जागा सोडावी, दुरुस्ती तिथेच बसते. मजकूर पांढऱ्या खडूने, बदल पिवळ्याने. डस्टर टेबलाच्या खणात. शब्द पुसला की मुलांना फक्त बरोबर शब्द उरलेला दिसतो, आडवी रेघ मारली की निर्णय दिसतो. वर्गात प्रोजेक्टर किंवा टीव्ही असेल तर वहीच्या पानाचा फोटो चालतो. नसेल तर कार्डशीट आणि जाड मार्कर. अक्षर चार सेंटिमीटरपेक्षा लहान नको, मागच्या बाकावरून वाचलं जात नाही.

लिहिताना मोठ्याने विचार करायचा, पण फक्त निवडीपुरता. "इथे 'गेला' लिहू की 'निघाला'? निघाला म्हटलं की अजून पोचलेला नाही, म्हणजे वाटेत काही घडू शकतं. 'निघाला' ठेवते." प्रत्येक शब्दावर बोलत बसलं तर वर्गाचं लक्ष सुटतं. दहा ओळींत तीन ते चार निवडी पुरतात.

आणि घरी पाठ करून आलेला मजकूर फळ्यावर "सुचतोय" असं दाखवू नये. मुलांना ते लगेच कळतं, आणि मग खरी खाडाखोडही त्यांना खोटी वाटते. पहिली दोन वाक्यं ठरवून आणायची, पुढची तिथेच लिहायची.

---

माध्यान्ह

कल्पना पटली. पण ५८ चा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास, वर पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस (शाळेची सरकारला भरून द्यायची माहिती), निवडणुकीचं काम. चार दिवस दहा मिनिटं आणि शिवाय मुलांच्या वह्या, हे गणित कसं बसवायचं?

---

समास_सोडून

@माध्यान्ह, गणितच मांडू. ५८ वह्या, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे २९० मिनिटं. जवळजवळ पाच तास. हे दर आठवड्याला होत नाही, म्हणून महिन्याला एक निबंध होतो आणि तोही शेवटी नुसत्या टिकमार्कवर तपासला जातो. हीच जागा सोडवायची आहे.

आठवड्याला सगळ्या वह्या घेऊ नका. रोज १२ घ्या, पाच दिवसांत ६० होतात. प्रत्येक वहीत आठवड्याच्या धड्यापुरतंच बघा, म्हणजे "यादीमागे माणूस आला का?" एवढंच. खाली एक प्रश्न लिहा, शेरा नको. "भेळवाला ठसका लागल्यावर काय म्हणाला?" असा. एका वहीला दीड मिनिट लागतं, बारा वह्यांना अठरा. मोकळ्या तासात हे होऊन वर आपल्या वहीची दहा मिनिटंही निघतात.

एकच गोष्ट बघायची सवय लागायला तीन-चार आठवडे जातात. हात लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घाकडे धावतो, म्हणून या फेरीला शिसपेन्सिल वापरा.

---

अवग्रह

शिसपेन्सिलीचं पटलं, पण शुद्धलेखन वाऱ्यावर सोडता येणार नाही. फक्त त्याची फेरी वेगळी करावी आणि तीही आधी आपल्या वहीत.

शासनमान्य नियम मोजके आहेत. १९६२ साली चौदा आणि १९७२ मध्ये आणखी चार, एकूण अठरा. आपल्या उजव्या पानावर आठवड्यातून एकदा फक्त एक नियम घेऊन पेन फिरवायचा. शिक्षकांच्या स्वतःच्या लेखनातही चुका ठरावीक जागीच होतात. एक, सामान्यरूपात : मूल पण मुलाला, फूल पण फुलाला, गरीब पण गरिबाला, वकील पण वकिलाला. दोन, तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांत : एकटा असेल तर कवी आणि गुरू, समासात कविसंमेलन आणि गुरुदक्षिणा. तीन, "असं-केलं" आणि "असे-केले" यांची सरमिसळ. निवेदन एकारान्त (असे-केले) ठेवायचं असेल तर शेवटपर्यंत ठेवा आणि संवादात अवतरणचिन्हांच्या आत "असं" येऊ द्या.

आपण पानभर लिहून नियम लावून बघितला की कळतं, लिहिण्याच्या भरात हे लक्षात राहणं शक्य नसतं. म्हणूनच मुलाला लिहितानाच "ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष दे" म्हणणं चुकीचं आहे. ते मजकूर पुरा झाल्यावर, निदान एक दिवस मध्ये जाऊ देऊन.

आणखी एक मोजणी : दहा वाक्यांपैकी किती "आहे / होते / असतो" वर संपतात ते बघा. सहाच्या वर गेली तर वर्णन निपचित पडतं. तीनपर्यंत आणायचा प्रयत्न करा. "अंगणात पारिजातकाचे झाड आहे" हे "पारिजातक अंगणभर सडा टाकतो" झालं की पुढच्या वाक्याला वाट मिळते. मात्र सगळेच "आहे" काढू नका. व्याख्या आणि निष्कर्ष "आहे" वरच उभे राहतात.

---

तिसरा_तास

वर्गात मुलं लिहित असताना शिक्षकानेही लिहावं का? माझ्या मते नाही. मोठ्या वर्गात मान खाली घातली की मागच्या दोन बाकांवर काम थांबतं. आणि ज्याला सुरुवातच सुचत नाही त्याला त्या क्षणी मदत लागते, दहा मिनिटांनी नाही.

---

खडूचा_तुकडा

@तिसरा_तास, अर्धं मान्य. पण पहिल्या पाच मिनिटांत मुलं जे विचारतात ते बहुतेक "सर, किती ओळी?", "समास आखू का?", "निळं पेन चालेल?" असं असतं. फिरणारा शिक्षक दिसला की हे प्रश्न वाढतात, लिहिणारा दिसला की आपोआप मिटतात. म्हणून पहिली पाच मिनिटं आपण लिहायचं, उभं राहून, टेबलावर वही ठेवून, म्हणजे वर्ग नजरेत राहतो. सहाव्या मिनिटाला वही मिटायची आणि ज्यांचं पान अजून कोरं आहे फक्त त्यांच्याकडे जायचं.

कोऱ्या पानावर "विचार कर" म्हणून उपयोग नाही. त्या विषयातल्या पाच वस्तू आणि तीन क्रिया मागाव्यात. बसस्थानक : पत्र्याचं बाकडं, थर्मास, फलक, पिशवी, कुत्रं. डुलकी, खेचाखेची, हाक. यांतली एक वस्तू आणि एक क्रिया जोडली की पहिलं वाक्य तयार. हीच यादी आपण अडलो तरी वापरायची.

तिसरी-चौथीला हे चालत नाही, तिथे हात फार हळू चालतो. मुलांनी सांगायचं आणि आपण फळ्यावर लिहायचं. त्यांचे शब्द बदलायचे नाहीत.

---

वऱ्हाडी_वळण

शब्द बदलायचे नाहीत, हा मुद्दा बोलीच्या भागात फार मोलाचा आहे. मूल घरी "मले", "तुले" म्हणतं, पुस्तकात "मला", "तुला". लिहायला बसल्यावर ते प्रत्येक शब्दाचं मनात भाषांतर करत असतं आणि वाक्य तीन शब्दांवर आटोपतं. बाहेरून आलेल्या शिक्षकाला हे आळस वाटतं.

उपाय शिक्षकाच्या वहीतच आहे. एकच परिच्छेद दोनदा लिहा, आधी बोलीत, मग प्रमाण मराठीत, आणि डाव्या पानावर काय हरवलं ते नोंदवा. बोली येत नसेल तर वर्गातल्या मुलांकडून वाक्य घ्या, ती हौसेने सांगतात.

बोलीत : बाप म्हणे, "पाणी येऊन राह्यलं, बैल सोड."
प्रमाण : वडील म्हणाले, "पाऊस येतो आहे, बैल सोड."

दुसऱ्यात घाई गेली. "येऊन राह्यलं" मध्ये पाऊस शिवारापर्यंत पोचलेला आहे. म्हणून तिसरा मसुदा : निवेदन प्रमाण, संवाद बोलीत. वडील म्हणाले, "पाणी येऊन राह्यलं, बैल सोड." परीक्षेतही हे चालतं, कारण बोली अवतरणचिन्हांत आहे. हे तिन्ही मसुदे वर्गात एकाखाली एक लावा. आपली भाषा चूक नाही, तिची जागा वेगळी आहे, हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. मग ते पहिला मसुदा बिनधास्त बोलीत लिहितं आणि लांबी आपोआप वाढते.

घाई एकच करू नये. बोलीतल्या कच्च्या मसुद्यावर दुरुस्तीची खूण करू नये, एकही. ती खूण झाली की पुढच्या वेळी वही पुन्हा तीन शब्दांवर येते.

---

मागचा_बाक

दहावीला शिकवणाऱ्यांसाठी. प्रथम भाषेची पत्रिका ८० गुणांची, वेळ तीन तास. म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. उपयोजित लेखनाला २४ गुण, म्हणजे ५४ मिनिटं. त्यातल्या ८ गुणांच्या निबंधाला १८.

आधी स्वतः १८ मिनिटांत, हाताने, उत्तरपत्रिकेसारख्या कागदावर लिहून बघा. बहुतेक शिक्षकांना तीन मिनिटं आराखडा, बारा लेखन, तीन वाचन अशी विभागणी करावी लागते, आणि पहिल्यांदा वाचनाची तीन मिनिटं हमखास हातची जातात. मग मुलांचा वेग मोजा. पाठ्यपुस्तकातला उतारा पाच मिनिटं उतरवायला लावा आणि शब्द मोजून पाचाने भागा. हा झाला नुसत्या हाताचा वेग. स्वतःचं सुचवून लिहिताना तो निम्म्याच्या आसपास येतो असं धरून चाला. ज्या मुलाचा हाताचाच वेग कमी आहे त्याला "जास्त लिही" सांगून फायदा नाही. त्याला चार परिच्छेदांऐवजी तीनच शिकवा.

आत्मकथन आणि कल्पनाप्रधान विषयांत एक ठरलेली चूक असते. "मी फाटके पुस्तक बोलतोय" मध्ये पुस्तक पहिल्या ओळीपासून उपदेश करतं. स्वतः लिहून बघितलं की कारण कळतं : वस्तूला काय दिसतं, काय लागतं, हे ठरवलेलंच नसतं. आराखड्याच्या तीन मिनिटांत फक्त एवढं लिहा : पुस्तक कुठे पडलंय, त्याला कोण हात लावतं, कुठलं पान गेलंय. मग उपदेशाची गरजच उरत नाही.

---

नोंदवही

एक उपयोग कुणी लिहिला नाही. पहिली ते आठवीला २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन (फक्त परीक्षेवर नाही, वर्षभर चालणारं) आहे, आणि त्यात प्रत्येक मुलासाठी वर्णनात्मक नोंदी आपणच लिहितो. हे शिक्षकाचं सर्वांत मोठं लेखन आहे आणि बहुधा छापील यादीवरून उतरवलं जातं : "आवडीने वाचन करतो", "हस्ताक्षर सुंदर आहे", "उपक्रमात सहभागी होते". ही वाक्यं बाजाराच्या पहिल्या तीन ओळींसारखीच आहेत, कुठल्याही मुलाला लागू.

आपल्या वहीत अडायच्या जागा नोंदवणारा शिक्षक मुलाबद्दलही तसंच लिहू शकतो. "संवाद लिहितो, अवतरणचिन्ह घालतो, पण बोलणारा बदलला की नवी ओळ घेत नाही." "सुरुवात ठाशीव, शेवट नेहमी 'मला खूप आनंद झाला'." "वर्णनात आवाज येतात, वास येत नाहीत." पुढच्या इयत्तेच्या शिक्षकाला यातून दुसऱ्या दिवशी काम सुरू करता येतं.

रीत : नोंदीत एक गोष्ट जमणारी, एक अजून न जमणारी, दोन्ही वहीत बोट ठेवून दाखवता येतील अशा. विशेषण आलं की थांबून विचारायचं, हे मला कुठल्या ओळीत दिसलं? सत्र संपताना सगळ्या मुलांच्या एकदम लिहू नका. त्या रोजच्या बारा वह्यांपैकी दोन मुलांच्या नोंदी त्याच वेळी लिहिल्या तर ५८ चा वर्ग २९ दिवसांत पुरा होतो.

---

कोरा_कागद

एकट्याने हा सराव फार टिकत नाही, म्हणून गटाचं लिहितो. अमेरिकेत बर्कलीला जेम्स ग्रे यांनी १९७४ मध्ये शिक्षकांसाठी लेखन-प्रकल्प सुरू केला, तो पुढे नॅशनल रायटिंग प्रोजेक्ट म्हणून देशभर पसरला. त्याचा पायाच हा की लेखन शिकवणाऱ्याने स्वतः लिहावं आणि शिक्षकांनी शिक्षकांना शिकवावं. उन्हाळी सुट्टीत शिक्षक एकत्र येतात, लिहितात, एकमेकांना वाचून दाखवतात.

आपल्याकडे केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद असतेच. ती संपल्यावर चौघांनी एक तास थांबलं तरी पुरे. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. लिहिणाऱ्याने आपला परिच्छेद दोनदा वाचायचा, दुसऱ्या वेळी सावकाश. ऐकणाऱ्यांनी आधी फक्त काय लक्षात राहिलं ते सांगायचं, मग कुठे धागा सुटला ते. लिहिणाऱ्याने त्या वेळात बोलायचं नाही. "मला तिथे असं म्हणायचं होतं" हे सुरू झालं की पंधरा मिनिटं खुलाशात जातात, आणि जे सांगायचं होतं ते पानावर नाही ही खरी माहिती हातची जाते. पाचवा माणूस घेऊ नका, शेवटच्याला वेळ उरत नाही.

---

रविवारची_शाळा

परदेशातल्या मराठी शाळांत आठवड्याला एकच वर्ग मिळतो, तिथे पूर्ण निबंधाच्या मागे लागू नये. मुलं मराठी शब्द इंग्रजी साच्यात बसवतात : "मी थंड आहे", "मी भुकेला आहे". मराठीत थंडी माणसाला वाजते, भूक लागते, आठवण येते, कंटाळा येतो, म्हणजे वाक्य "मला" ने सुरू होतं. शिक्षकाने आपल्या वहीत आठवडाभर रोज "मला" ची दहा वाक्यं लिहावीत, प्रत्येकात वेगळं क्रियापद. चौथ्या दिवशी नेहमीची संपतात आणि मग खरी कामाची सापडतात : मला ठेच लागली, मला उचकी आली, मला हसू आवरेना. रविवारी यातली पाच पुरतात.

---

माध्यान्ह

दोन शंका. नमुना मसुदा संगणकाकडून, म्हणजे चॅटजीपीटीसारख्याकडून, लिहून घेतला तर वेळ वाचेल का? आणि ही वही मुलांच्या हातात द्यावी का?

---

समास_सोडून

पहिल्याचं उत्तर : वेळ वाचेल, पण डावं पान कोरं राहील. तिथे कुणी अडलेलंच नाही, मग शनिवारी धडा कशातून काढणार? त्याचा एक उपयोग मात्र होतो. असा गुळगुळीत मसुदा फळ्यावर लावून "यातली कुठली वाक्यं कुठल्याही गावाला लागू होतील?" हे मुलांकडून अधोरेखित करून घ्यावं.

दुसऱ्याचं : वर्गात बघायला द्यावी, घरी नाही. उजवी आणि डावी दोन्ही पानं बघू द्यावीत, डाव्या पानासाठीच तर ती उघडायची. फक्त एखाद्या नोंदीत मुलाचं नाव आलं असेल तर वही देण्याआधी त्यावर कागदाची पट्टी चिकटवा, आणि पुढच्या वहीत पहिल्यापासून नाव नको, हजेरी क्रमांकही नको, नुसती खूण वापरा.